पुळणीचे राखणदार

महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या देवळांत गाभाऱ्यासमोर जमिनीत बसविलेले एक दगडी कासव दृष्टीस पडते. दर्शनाला आलेला मनुष्य आधी त्याला हात लावून नमस्कार करतो आणि मगच देवापुढे जातो. विष्णूच्या दहा अवतारांतही कासवाला स्थान आहे. संकटाची चाहूल लागताच आपले अवयव आत ओढून घेणारे जमिनीवरचे कासव आपल्या पूर्वजांना संयमाचे प्रतीक वाटले, यात नवल नाही.

असा मान दगडी कासवाला मिळाला. परंतु अंडी घालण्यासाठी समुद्रातून किनाऱ्यावर येणाऱ्या जिवंत कासवाच्या वाट्याला फार काळ निराळेच दैव आले. त्याची अंडी उकरून नेली जात, कोठे खाल्ली जात, कोठे बाजारात विकली जात. हे चित्र कोकणातील एका लहानशा गावाने पालटून दाखविले. ते कसे पालटले, हे समजून घेण्यासारखे आहे; कारण त्यात समुद्रातील जीवांच्या रक्षणाचे एक मोठे मर्म दडलेले आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांच्या घराण्याचे हे मूळ गाव. जवळच बाणकोटपाशी सावित्री नदी समुद्राला मिळते आणि खाडीच्या पलीकडे हरिहरेश्वराचा डोंगर दिसतो. नारळी-पोफळीच्या बागा, कौलारू घरे, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे असलेल्या अरुंद वाटा आणि त्या वाटांच्या शेवटी सुरूच्या झाडांपलीकडे पसरलेली रुंद पुळण, असे या गावाचे रूप आहे. समुद्रकाठच्या वाळूच्या पट्ट्याला कोकणात पुळण म्हणतात. या पुळणीवर दरवर्षी हिवाळा सुरू झाला, की रात्रीच्या अंधारात काही पाहुण्या येतात. त्या म्हणजे समुद्री कासवांच्या माद्या होत.

भारताच्या समुद्रात समुद्री कासवांच्या पाच जाती आढळतात. त्यांपैकी वेळासला येणाऱ्या जातीला ‘ऑलिव्ह रिडले’ असे नाव आहे. तिच्या पाठीचा रंग ऑलिव्हच्या फळासारखा मळकट हिरवा असतो, म्हणून हे नाव पडले. पूर्ण वाढलेल्या कासवाची पाठ सुमारे दोन फूट लांब असते व त्याचे वजन चाळीस किलोग्रॅमच्या आसपास भरते. तळ्यातील कासवाप्रमाणे याला डोके व पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. त्याचे पाय वल्ह्यांसारखे चपटे असतात. पाण्यात त्यांच्या साहाय्याने ते मोठ्या डौलाने पोहते. जमिनीवर मात्र त्याला आपला जड देह कष्टाने ओढत न्यावा लागतो. झिंगे, खेकडे, गोगलगाई, जेलीफिश हे त्याचे अन्न. त्याचे सारे आयुष्य समुद्रात जाते. परंतु त्याला श्वास मात्र हवेतच घ्यावा लागतो आणि अंडी वाळूतच घालावी लागतात. या दोन गोष्टींमुळे समुद्रात राहूनही त्याची माणसाशी गाठ पडते.

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचा काळ हा कोकण किनाऱ्यावर या कासवांचा अंडी घालण्याचा मुख्य हंगाम होय. रात्री भरतीच्या पाण्याबरोबर मादी किनाऱ्याला लागते. भरतीची रेषा ओलांडून ती कोरड्या वाळूत येते व योग्य जागा सापडली, की मागच्या पायांनी खड्डा खणू लागते. हातभर खोल गेलेल्या या खड्ड्याचा आकार सुरईसारखा असतो. तोंड अरुंद आणि तळ रुंद. त्यात ती शंभराच्या आसपास अंडी घालते. ही अंडी पांढरी, गोल, पिंगपाँगच्या चेंडूएवढी असतात. त्यांचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कठीण नसून चामड्यासारखे मऊ असते, त्यामुळे एकावर एक पडूनही ती फुटत नाहीत. मग मादी खड्डा वाळूने बुजविते, आपल्या देहाच्या भाराने वाळू दाबून टाकते आणि खुणा पुसण्यासाठी आजूबाजूची वाळू विस्कटून समुद्राकडे परतते. पुन्हा ती आपल्या अंड्यांकडे फिरकत नाही. ऊब देण्याचे काम सूर्याने तापलेली वाळू करते.

पंचेचाळीस ते साठ दिवसांनी अंड्यांतून पिल्ले बाहेर पडतात. प्रत्येक पिल्लू तळहाताच्या मध्यभागी मावेल एवढे लहान व करड्या-काळ्या रंगाचे असते. त्याच्या डोक्यावर हातभर वाळू असते. एकट्या पिल्लाला ती उकरून वर येणे फार अवघड जाते. म्हणून निसर्गाने येथे एक सुंदर योजना केली आहे. सारी पिल्ले जवळपास एकाच सुमारास जागी होतात आणि सर्व मिळून हातपाय हलवू लागतात. वरची पिल्ले वाळू पाडतात, खालची ती पायांखाली घालतात आणि अशा रीतीने हा सारा समुदाय हळूहळू वर चढत येतो. वाळू निवली, म्हणजे रात्र झाली, असे जाणून ती बहुधा अंधारातच बाहेर पडतात. मोकळ्या किनाऱ्यावर आकाश व समुद्र यांची सीमा इतर बाजूंपेक्षा अधिक उजळ दिसते. त्या उजेडाच्या रोखाने ती धाव घेतात.

या छोट्याशा प्रवासात शत्रूंना तोटा नसतो. घरट्यातील अंड्यांवर कोल्हे, भटकी कुत्री व घोरपडी टपलेल्या असतात. बाहेर आलेल्या पिल्लांना खेकडे बिळात ओढतात, घारी व कावळे उचलून नेतात. पाण्यात शिरल्यावर मोठे मासे वाट पाहत असतात. हजार पिल्लांमागे एखादेच मोठे होते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. एवढी हानी होणार हे निसर्गाने जणू हिशेबात धरले आहे. म्हणूनच मादी एका वेळी शंभर अंडी घालते. परंतु घरटेच्या घरटे माणसाने उचलून नेले, तर हा हिशेब चुकतो. हजारातले ते एक पिल्लूही मग उरत नाही.

वेळासला नेमके हेच होत होते. वाळूवर उमटलेला कासवाचा माग ओळखणे किनाऱ्यावरच्या माणसाला कठीण नव्हते. पहाटे माग दिसला, की त्याच्या शेवटी वाळू काठीने चाचपायची आणि अंडी काढून घ्यायची, ही पूर्वापार चालत आलेली रीत होती. यात कोणालाही काही वावगे वाटत नसे. समुद्र मासे देतो, शिंपले देतो, तशीच अंडीही देतो, अशी साधी समजूत होती. हंगामी शेती, बागेचे थोडे उत्पन्न आणि मुंबईला नोकरीस गेलेल्या मुलाची मनीऑर्डर यांवर चालणाऱ्या घरात शंभर अंड्यांची किंमत अगदीच क्षुल्लक नव्हती.

कायदा तर कधीच झालेला होता. भारताच्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने समुद्री कासवांना वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे. कासव मारणे किंवा त्याची अंडी काढणे हा त्यामुळे गुन्हा ठरतो. परंतु कोकणचा किनारा शेकडो किलोमीटर लांब आहे. प्रत्येक पुळणीवर, प्रत्येक रात्री पहारेकरी उभा करणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. शिवाय कागदावरील कलमाने माणसाचा हात थांबेल. पण कासवाविषयी त्याला आपुलकी कशी वाटणार? कायदा आणि किनारा यांच्यामध्ये एक दुवा हवा होता.

हा दुवा चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने जोडला. 1992 साली भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी यांनी ही संस्था स्थापन केली होती. 2002 साली संस्थेचे कार्यकर्ते समुद्रगरुडांची पाहणी करीत किनाऱ्याने हिंडत असता वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. चौकशी केल्यावर त्यांना कळले, की येथे कासवे नेमाने येतात आणि अंडीही नेमाने नेली जातात. आता या माणसांपुढे दोन मार्ग होते. अंडी नेणाऱ्यांना पकडून द्यावे, हा एक. आणि त्यांच्याशी बोलावे, हा दुसरा. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला.

ते गावात बसले. कासवाचे जीवन कसे असते, त्याच्या अंड्यांतून किती पिल्ले जगतात, अंडी अशीच जात राहिली तर पुढे काय होईल, हे त्यांनी ग्रामस्थांना समजावून सांगितले. एवढ्याने काम भागले नसते. या कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट ओळखली. कासवाचा माग कोणता, घरटे कोठे असावे, कोणत्या वाऱ्याला व कोणत्या भरतीला मादी किनाऱ्यास लागेल, हे ज्ञान ज्या माणसांपाशी होते, ती बहुतेक गावातील अंडी काढणारी माणसेच होती. जे डोळे घरटे शोधून ते रिकामे करीत होते, तेच डोळे घरटे शोधून राखू शकत होते. म्हणून गावातील माणसांनाच किनाऱ्याची राखण सोपविण्यात आली व त्या कामाचा मोबदलाही देण्यात येऊ लागला. पहिल्याच हंगामात वेळासच्या पुळणीवरून दोन हजारांहून अधिक पिल्ले सुखरूप समुद्रात गेली.

हे काम दिसते तितके सोपे नाही. राखण करणारा कासवमित्र हंगामात रोज पहाटे व रात्री पुळण पायाखाली घालतो. माग दिसला की तो घरट्याची जागा निश्चित करतो. घरटे भरतीच्या पाण्यापासून सुरक्षित असेल व राखता येण्याजोगे असेल, तर ते जागच्या जागी ठेवणे केव्हाही चांगले. परंतु कोल्ह्या-कुत्र्यांचे किंवा लाटांचे भय असेल, तर अंडी हलवावी लागतात. ती घातल्यापासून थोड्याच तासांत हलविली पाहिजेत. कारण पुढे आतील गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि मग अंडे उलटेसुलटे झाले किंवा त्याला धक्का बसला, तरी तो मरतो. म्हणून एकेक अंडे हळुवार उचलून, त्याची वरची बाजू वरच राहील अशा बेताने टोपलीत ठेवतात.

पुळणीवरच उंच जागी जाळीचे कुंपण घालून एक आवार तयार केलेले असते. तेथे मादीने खणला होता तसाच, तेवढ्याच खोलीचा सुरईच्या आकाराचा खड्डा खणतात व त्यात अंडी ठेवून तो वाळूने बुजवितात. शेजारी एक पाटी रोवतात. घरटे केव्हा सापडले, अंडी किती होती, याची नोंद तिच्यावर असते. दिवस भरत आले, की त्या जागेवर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात. एखाद्या सकाळी टोपली उचलावी आणि खाली वळवळणारी पन्नास-साठ पिल्ले दिसावीत! मग त्यांना पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडतात. त्यांना उचलून थेट पाण्यात टाकीत नाहीत. ती थोडी वाट त्यांनी स्वतःच्या पायांनी चालावी, हे निसर्गाला धरून आहे. पहिली लाट येते, पिल्लाला उलथवून मागे लोटते. ते पुन्हा वळते, पुन्हा चालू लागते. दुसऱ्या-तिसऱ्या लाटेबरोबर ते दिसेनासे होते.

हे दृश्य पाहण्यासाठी बाहेरगावची माणसे येऊ लागली. तेव्हा 2006 साली वेळासला कासव महोत्सव भरविण्यास प्रारंभ झाला. गावात मोठी उपाहारगृहे नव्हती, की निवासगृहे नव्हती. ग्रामस्थांनी आपल्याच घरांत पाहुण्यांची सोय केली. माजघरात अंथरुणे पडली, पडवीत पंगती बसल्या. घावन, सोलकढी आणि उकडीचे मोदक यांचा बेत होऊ लागला. ज्या घरात पूर्वी कासवाच्या अंड्यांचे चार पैसे येत, त्याच घरात आता कासवाची पिल्ले पाहायला आलेल्या पाहुण्यांमुळे त्याहून अधिक उत्पन्न येऊ लागले. विशेषतः घरातील स्त्रियांच्या हाती स्वकष्टाचा पैसा आला. कासव जगले तर गाव जगेल, हे सांगण्यासाठी मग व्याख्यानाची गरज उरली नाही.

एका गावाचे पाहून दुसऱ्या गावाने उचलावे, असे चांगल्या कामाचे होत असते. आंजर्ले, केळशी, गुहागर, गावखडी, सिंधुदुर्गातील वायंगणी अशा अनेक किनाऱ्यांवर हे काम पसरले. राज्याच्या वनविभागाने व कांदळवन कक्षाने त्याला हात दिला. शेजारच्या गोव्यातही मोरजी, आगोंद व गालजीबाग येथील किनाऱ्यांवर स्थानिक माणसांच्या साहाय्याने कासवांची घरटी राखली जातात. किनारा ज्यांचा, त्यांनीच तो राखायचा, हे सूत्र सगळीकडे एकच.

परंतु पिल्लू समुद्रात गेले, म्हणजे सारे संकट टळले असे नव्हे. खोल पाण्यात त्याचा मासेमाराच्या जाळ्याशी संबंध येतो. कासवाला अधूनमधून श्वासासाठी पृष्ठभागावर यावे लागते. जाळ्यात अडकले आणि वर येता आले नाही, तर पाण्यातला हा प्राणी पाण्यातच गुदमरून मरतो. अशा वेळी त्याला वाचवायचे, तर मासेमाराने आपले जाळे कापले पाहिजे. जाळे हे मासेमाराचे शेतच होय. ते कापले की ते सांधेपर्यंत त्या दिवसांची कमाई बुडते. ‘कासवावर दया करा’ असा उपदेश जमिनीवर उभे राहून करणे सोपे आहे. पण त्या दयेचा खर्च एकट्या कोळ्यानेच का सोसावा, हा प्रश्न अगदी न्याय्य आहे.

महाराष्ट्र शासनाने या प्रश्नाचे एक उत्तर शोधले. 2018 च्या डिसेंबरात एक योजना सुरू झाली. जाळ्यात सापडलेले कासव, डॉल्फिन, बहिरी देवमासा यांसारखे कायद्याने संरक्षित प्राणी ज्याने जाळे कापून सोडून दिले, त्या मासेमाराला छायाचित्राच्या पुराव्यावरून जाळ्याची भरपाई म्हणून कमाल 25,000 रुपयांपर्यंत रक्कम देण्याची तीत तरतूद होती. या योजनेमुळे अनेक प्राणी पुन्हा समुद्रात पोहत गेले. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, समुद्राच्या रक्षणाचा भार साऱ्या समाजाने वाहायचा आहे, ही गोष्ट तिने मान्य केली. यांत्रिक नौकांच्या मोठ्या जाळ्यांत कासवाला निसटण्यासाठी एक झडप ठेवता येते. मासे आत राहतात आणि कासव तेवढे बाहेर पडते. अशी साधने मासेमारांशी विचारविनिमय करून सुधारली, तर ती त्यांना परकी वाटत नाहीत.

किनाऱ्यावरून सोडलेली कासवे जातात कोठे? या प्रश्नाने शास्त्रज्ञांना फार दिवस कुतूहलात ठेवले होते. 2022 च्या जानेवारीत वेळासला अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर एक छोटे यंत्र बसविण्यात आले. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ व राज्याचा कांदळवन कक्ष यांनी मिळून हे काम केले. कासव श्वास घेण्यासाठी वर आले, की हे यंत्र आकाशातील उपग्रहाकडे संदेश पाठविते व कासवाचा ठावठिकाणा कळतो. या पहिल्या मादीला ‘प्रथमा’ असे समर्पक नाव देण्यात आले. तिच्यामागून आणखी काही माद्यांना अशी यंत्रे बसविण्यात आली. 2023 मध्ये गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ दक्षिणेकडे जात जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. आणि 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायाला धातूची खूणपट्टी आढळली. ती पट्टी तिला 2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली होती! ओडिशाच्या किनाऱ्यावर हजारो कासवे एकाच वेळी येऊन अंडी घालतात, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. देशाच्या पूर्वेकडचे कासव पश्चिमेकडेही येते, हे आता दिसून आले. कोकणातला राखणदार आपल्या गावचे कासव राखतो असे म्हणतो खरे. पण ते कासव एका गावाचे नसते, एका राज्याचेही नसते. ते साऱ्या समुद्राचे असते.

या कामापुढे अजूनही अडचणी आहेत. किनाऱ्यावर उभे राहिलेले प्रखर दिवे पिल्लांची दिशाभूल करतात. समुद्राऐवजी ती दिव्यांकडे, गावाच्या बाजूला चालू लागतात. पाण्यात तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या जेलीफिश समजून कासवे गिळतात. पाहुण्यांची गर्दी वाढली, तर त्यांच्याच पायांखाली पुळणीची शांतता तुडविली जाण्याचे भय असते. तेव्हा पाहुण्यांनी दिवे लावू नयेत, आरडाओरडा करू नये, दोरीच्या पलीकडे जाऊ नये, हे नियम केले आहेत, ते योग्यच आहेत.

याहून एक सूक्ष्म धोका वाळूच्या पोटात आहे. कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्याभोवतालच्या वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू सुमारे 29 ते 30 अंश सेल्सिअस असेल, तर नर व मादी साधारण सारख्या प्रमाणात निपजतात. ती याहून थंड असेल तर नर अधिक होतात, आणि अधिक तापली तर माद्याच माद्या जन्मतात. पृथ्वीचे तापमान वाढत असताना हा समतोल बिघडण्याचा संभव आहे. फारच उष्णता झाली, तर अंडी उबण्यापूर्वीच नासतात. म्हणून घरट्यावर सावली धरणे, वाळूचे तापमान मोजणे, हेही राखणदाराच्या कामात आता येऊन मिळाले आहे. गावकऱ्याची नजर आणि शास्त्रज्ञाचे मोजमाप या दोहोंची जोड येथे आवश्यक आहे. नजरेला मोजमापाची आणि मोजमापाला नजरेची उणीव भासते.

या कामाचा एक विशेष असा, की त्याचे फळ लवकर हाती येत नाही. आज सोडलेले पिल्लू मोठे होऊन अंडी घालण्यायोग्य व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात. मादी अंडी घालण्यासाठी बहुधा आपण जन्मलो त्या किनाऱ्याच्या परिसराकडेच परतते. म्हणजे आज ज्या मुलाने पिल्लाला लाटेत शिरताना पाहिले, तो कर्ता पुरुष होईल, तेव्हा कदाचित ती मादी त्याच्या गावच्या पुळणीला लागेल. तिला तेव्हा पुळण मोकळी मिळेल, की बांध आणि दिवे मिळतील, हे त्या वेळच्या माणसांवर अवलंबून राहील. आंब्याचे कलम लावणारा आपल्या हयातीत फळे चाखतो. पण फणस लावणारा तो नातवंडांसाठी लावतो, असे कोकणात मानतात. कासवाची राखण ही फणस लावण्यासारखी आहे.

कोकणातील पुष्कळ गावांच्या वेशीवर राखणदाराचे स्थान असते. गावाचे रक्षण तो करतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. वेळासच्या माणसांनी ही कल्पना आपल्या कृतीने आणखी पुढे नेली आहे. ज्याच्या आश्रयाने आपण जगतो, त्याचे आपणही राखणदार व्हावे, हे त्यांनी ओळखले. हे कोणी त्यांच्यावर लादले नाही. म्हणूनच ते टिकले. वाळूखालच्या पिल्लांपैकी एकाला वर येता येत नाही, सर्वांनी मिळून हातपाय हलविले तरच वाट सापडते. समुद्राच्या रक्षणाचेही तसेच आहे. कायदा करणारे शासन, अभ्यास करणारा शास्त्रज्ञ, जाळे कापणारा कोळी, पहाटे पुळण तुडविणारा कासवमित्र आणि पाहुण्याला वाटीभर सोलकढी देणारी गृहिणी हे सारे एकाच घरट्यातले आहेत.